तळटीप : पॅलेस थिएटर आणि खासबाग

३. लेखकाने उल्लेखिलेले ‘पॅलेस थिएटर’ म्हणजेच आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. १९०२ च्या युरोप दौऱ्यात शाहू महाराजांनी रोमचे कलोसियम पाहिले आणि त्या धर्तीवर १९१२ मध्ये खासबाग कुस्ती मैदान उभे राहिले. मधला हौदा लाल मातीचा, भोवती चढत जाणारी गोल बैठक; त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही डाव कळतो. लगेच शेजारी १९१५ मध्ये हे नाट्यगृह झाले. तालीम आणि नाटक यांना पाठीला पाठ लावून बसवण्याची ही कल्पना, संपादकाच्या मते, अस्सल कोल्हापुरी. प्रवासी मात्र महालक्ष्मीचे दर्शन, भवानी मंडप आणि रंकाळ्यावरची भेळ उरकून पुढे पन्हाळ्याला जातात. लेखकानेही या दोन वास्तूंना जेमतेम एक ओळ दिली आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री लागलेल्या आगीत नाट्यगृहाचे छत व रंगमंच जळून गेले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची (१८९०–१९२१) जयंती होती. मूळ मजकुरातील प्रेक्षागृहाचे वर्णन त्या आगीपूर्वीचे आहे.