द्वारकानाथ कोटणीस

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१० ऑक्टोबर १९१०, सोलापूर – ९ डिसेंबर १९४२, हबेई प्रांत, चीन) हे चीन-जपान युद्धात जखमी चिनी सैनिकांवर आघाडीजवळ शस्त्रक्रिया करणारे मराठी शल्यचिकित्सक होते. चीनमध्ये ते 'क दिहुआ' या नावाने ओळखले जातात.

पूर्वायुष्य व वैद्यकीय पथक

कोटणीसांचे वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात झाले. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केल्यानंतर चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले. त्यानुसार १९३८ मध्ये, सुभाषचंद्र बोस राष्ट्रसभेचे अध्यक्ष असताना, पाच डॉक्टरांचे पथक रवाना झाले. पथकप्रमुख डॉ. मदनमोहन अटल यांना स्पेनमधील यादवी युद्धाचा अनुभव होता. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देबेश मुखर्जी आणि कोटणीस हे इतर सदस्य. देश स्वतः पारतंत्र्यात असताना दुसऱ्या आक्रमणग्रस्त देशाला पाठवलेली ही मदत होती, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

पथक सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून बोटीने निघाले आणि कँटन, हँकाऊ अशा मार्गाने फेब्रुवारी १९३९ मध्ये साम्यवाद्यांचे केंद्र असलेल्या येनानला पोहोचले. प्रत्येकाच्या चिनी नावाअखेर 'हुआ' (म्हणजे चीन) हे अक्षर जोडण्यात आले.

युद्धसेवा

१९३९ च्या अखेरीस कोटणीस एट्थ रूट आर्मीबरोबर उत्तर चीनमधील शत्रूवेढ्यातील डोंगराळ मुलखात गेले. या भागात कॅनडाचे शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी एक पद्धत रुजवली होती : जखमीला दूरच्या रुग्णालयात नेण्याऐवजी शस्त्रक्रियेचे साहित्य खेचरांवर लादून डॉक्टरनेच आघाडीजवळ जावे. जखम होणे आणि शस्त्रक्रिया होणे यांतील अंतर जितके कमी, तितका जखम चिघळण्याचा धोका कमी, हा त्यामागील विचार. शस्त्रक्रिया करताना बोट कापून झालेल्या जंतुसंसर्गाने बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये मरण पावले. त्यांचे कार्य पुढे कोटणीसांनी चालवले.

१९४० च्या 'शंभर रेजिमेंट मोहिमे'त त्यांच्या सेवेची खरी कसोटी लागली. औषधे व भुलीची द्रव्ये अपुरी, मुक्काम सतत हलता आणि जखमींची रीघ अखंड. या मोहिमेत त्यांनी सुमारे ८०० जखमींवर उपचार केले. एकदा तर सलग ७२ तास ते शस्त्रक्रिया करीत होते, असे नमूद आहे. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले. चिनी भाषा आत्मसात करून ते विद्यार्थ्यांना त्याच भाषेत शिकवीत. प्रशिक्षित माणसांची वाण असलेल्या त्या प्रदेशात हे अध्यापन शस्त्रक्रियांइतकेच मोलाचे मानावे लागेल.

विवाह व मृत्यू

१९४१ मध्ये त्यांचा विवाह परिचारिका ग्वो चिंगलान यांच्याशी झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये जन्मलेल्या मुलाचे 'यिनहुआ' हे नाव भारत (यिन) व चीन (हुआ) या दोन शब्दांचे आहे. ते सेनापती निए रोंगझेन यांनी सुचवले. त्याच वर्षी कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. अपस्माराचे झटके येत असूनही त्यांनी काम थांबवले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, मूल साडेतीन महिन्यांचे असताना, वयाच्या ३२ व्या वर्षी ते निधन पावले. यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये वारले.

स्मृती व सन्मान

कोटणीसांचा खरा गौरव पदकांपेक्षा स्मारकांत दिसतो. माओ यांनी त्यांच्यासाठी श्रद्धांजलीपर लेख स्वहस्ते लिहिला. शिज्याझ्वांग येथील हुतात्मा उद्यानात त्यांची समाधी असून जवळच बेथ्यून यांचीही आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला व नायकाची भूमिका स्वतः केली. अनेक वाचकांना कोटणीस या चित्रपटातूनच परिचित आहेत. मात्र चरित्राचा आधार म्हणून तो जपून वापरावा. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढले. सोलापुरातील त्यांच्या राहत्या घरी स्मारक आहे.