ऑक्टेनचे मोल

१ डिसेंबर २०२० रोजी इंडियन ऑइल या सरकारी कंपनीने १०० ऑक्टेनचे पेट्रोल भारतात प्रथमच विक्रीस काढले. पहिल्या टप्प्यात निवडलेल्या दहा शहरांत दिल्ली, गुडगाव आणि नोएडा ही एकमेकांना खेटून असलेली तीन शहरे होती. मुंबई आणि पुणे यांनाही त्या यादीत स्थान मिळाले होते. हे पेट्रोल मथुरेच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात, फरिदाबादच्या संशोधन केंद्राने बसविलेल्या कृतीने तयार होत होते. त्या दिवशी दिल्लीत साधे पेट्रोल सुमारे ८२ रुपये लिटर होते आणि या नव्या पेट्रोलचा भाव १६० रुपये होता. परदेशी बनावटीच्या भारी मोटारी आणि शर्यतीच्या जातीच्या दुचाकी बाळगणाऱ्या मूठभर लोकांसाठी ते आहे, हे त्या भावावरूनच स्पष्ट होते. पण जे महाग ते चांगले, ही समजूत आपल्या समाजात खोल रुजलेली आहे. गाझियाबादहून ओखल्याला रोज कामासाठी जाणारा साधा मोटारसायकलस्वारही मग विचारू लागला, की महिन्यातून एकदा तरी आपल्या गाडीला हे पेट्रोल पाजावे काय?

प्रश्न साधा दिसतो. पण ज्याला ऑक्टेन म्हणतात ती वस्तू काय आहे आणि तिची किंमत आजवर कोणी कोणी चुकविली, हे पाहिल्याखेरीज त्याचे उत्तर नीट देता येत नाही.

पेट्रोलच्या इंजिनात दट्ट्या हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण दाबतो. योग्य क्षणी ठिणगी पडते, आणि ज्योत सिलिंडरच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शिस्तीने सरकत जाते. मिश्रण जितके अधिक दाबावे तितके तेवढ्याच इंधनातून काम अधिक मिळते. परंतु दाबाबरोबर उष्णता वाढते, आणि एका मर्यादेपुढे कोपऱ्यात उरलेले मिश्रण ज्योत पोचण्याची वाट न पाहता आपसूक पेट घेते. मग सिलिंडरात हातोडीने ठोकल्यासारखा टणटण आवाज होतो. चढावर भार घेऊन निघालेल्या गाडीतून तो पुष्कळांनी ऐकला असेल. कारागीर त्याला नॉकिंग म्हणतात. तो दीर्घकाळ चालला तर दट्ट्याच्या माथ्यावर खड्डे पडतात आणि शेवटी तो फुटतो.

या आपसूक पेटण्याला पेट्रोल किती विरोध करते, त्याचे माप म्हणजे ऑक्टेन. १९२६ साली अमेरिकेत ग्रॅहॅम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने ते बसविले. हेप्टेन नावाचा द्रव अगदी सहज ठोका देतो. त्याला शून्य मानले. आयसो-ऑक्टेन फार सहनशील. त्याला शंभर मानले. ९१ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे ज्यात ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन आहे अशा मिश्रणाइतके सोशिक पेट्रोल. या व्याख्येत शक्तीचा उल्लेख कोठेही नाही, आणि लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज येथेच होतो. १०० ऑक्टेनच्या पेट्रोलात ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलाहून अधिक ऊर्जा भरलेली नसते. ते फक्त अधिक दाब सोसते. तो दाब देणारे इंजिनच नसेल, तर ही सोशिकता वापराविना धुराड्यातून निघून जाते.

इंजिन मात्र ऑक्टेन पाहूनच घडवावे लागते, आणि म्हणून गेल्या शतकाच्या आरंभी मोटारींचे कारखानदार ठोका थांबविणारे द्रव्य शोधीत होते. ९ डिसेंबर १९२१ रोजी जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली याला ते सापडले. टेट्राएथिल लेड हे शिशाचे एक संयुग पेट्रोलात चिमूटभर घातले की ठोका नाहीसा होतो, असे त्याला आढळले. मद्यार्काने तेच काम होते हे मिजलीला ठाऊक होते. परंतु मद्यार्क बराच लागे आणि कोणालाही गाळता येई. त्यावर मालकी हक्क सांगता येण्याजोगा नव्हता. शिसे थोडके लागे आणि त्याचे पेटंट घेता येई. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात या द्रव्यावर काम करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. त्याच महिन्याच्या ३० तारखेला मिजलीने पत्रकारांसमोर त्या द्रव्याने हात धुऊन दाखविले आणि बाटली नाकाशी धरून हुंगली. आदल्याच वर्षी त्याला स्वतःला शिशाच्या विषबाधेमुळे विश्रांती घ्यावी लागली होती, ही गोष्ट त्याने त्या प्रसंगी सांगितली नाही.

स्वस्तात ऑक्टेन मिळविण्याची ही युक्ती जगभर पसरली. १९४० साली इंग्लंडच्या आकाशात जी विमाने लढली त्यांच्या टाक्यांत १०० ऑक्टेनचे पेट्रोल होते आणि त्यांतही शिसे होते. युद्धात त्याचे मोल झाले यात संशय नाही. परंतु युद्ध संपल्यावर तेच शिसे दिल्लीच्या रस्त्यांवर साध्या दुचाकीच्या टाकीतही उतरले.

वस्तुतः त्या दुचाकींना त्याची गरज फार थोडी होती. १९५५ साली मद्रासेत एनफील्ड इंडिया निघाली आणि बुलेट भारतात जुळविली जाऊ लागली. त्या बुलेटच्या इंजिनात दाबाचे प्रमाण साडेसहाच्या वर नव्हते. म्हणजे मिश्रण फार तर साडेसहाव्या हिश्शापर्यंत दाबले जाई. फरिदाबादला तयार होणारी राजदूत ही शेतकऱ्यापासून दूधवाल्यापर्यंत सर्वांची गाडी. तीही मंद आणि सोशिक. १९८५ साली हरियाणात धारूहेड्याला हीरो होंडाची शंभर सीसीची गाडी तयार होऊ लागली. तिचे प्रमाण नऊच्या आसपास होते, आणि तिला लागणारे ऑक्टेन साध्या पेट्रोलात मिळे. पंपावर ८७ आणि ९३ ऑक्टेन असे दोन प्रकार होते. कमी ऑक्टेनचे पेट्रोल घेणाऱ्याच्या वाट्यालाही शिसे येई, कारण ८७ चा आकडासुद्धा शिशाच्याच आधाराने गाठला जात होता. लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे घालण्यास मुभा होती. त्याचा मोठा भाग धुरातून बाहेर पडे आणि रस्त्याकडेला खेळणाऱ्या मुलांच्या श्वासात जाई.

दिल्लीतील वाहनांत त्या काळी सुमारे दोन-तृतीयांश दुचाकी होत्या. म्हणजे ज्या इंजिनांना ऑक्टेनची चैन नको होती, त्यांच्याच धुरातून त्या चैनीची किंमत वसूल होत होती. १९९९ साली बंगलोरच्या जॉर्ज फाउंडेशनने दिल्लीसह सात शहरांतील मुलांचे रक्त तपासले. बारा वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांत शिशाचे प्रमाण डेसिलिटरमागे दहा मायक्रोग्रॅमहून अधिक निघाले. शिसे रंगांतून आणि भांड्यांतूनही येते, तेव्हा सगळा दोष पेट्रोलाचा म्हणता येणार नाही. पण त्याचा वाटा लहान नव्हता.

शिसे हटविण्याचे काम महेशचंद्र मेहता या वकिलांनी १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात केलेल्या अर्जामुळे मार्गी लागले. १९९४ साली दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे शिशाचे प्रमाण लिटरमागे ०.१५ ग्रॅमवर आणले गेले. १ एप्रिल १९९५ पासून या चार शहरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. ते मुख्यतः नव्या मोटारींसाठी होते, कारण त्यांच्या धुराड्यात बसविलेला शुद्धीकारक शिशाने निकामी होतो. १९९८ च्या सप्टेंबरात शिसेयुक्त पेट्रोल दिल्लीतून पूर्णपणे गेले आणि १ फेब्रुवारी २००० रोजी देशातून गेले. जगात त्याला निरोप देणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथे ते २०२१ साली बंद झाले.

शिसे गेल्यावर ऑक्टेन आणायचे कोठून? तेलशुद्धीकरण कारखान्यांनी पेट्रोलाच्या रेणूंचीच रचना बदलणारी यंत्रे उभारली. त्यावर मोठा खर्च झाला. शिवाय त्या मार्गाने पेट्रोलात बेंझीन वाढते, आणि बेंझीन कर्करोगाला कारण होते. म्हणून २००० साली राजधानीच्या प्रदेशात त्याचे प्रमाण एक टक्क्यावर बांधून घालावे लागले. ऑक्टेन फुकट मिळत नाही हा धडा दिल्लीला असा दोनदा शिकावा लागला. पुढे साध्या पेट्रोलचा आकडा ८८ झाला, आणि २००५ पासून दिल्लीत तो ९१ वर गेला.

याच काळात पंपांवर निरनिराळ्या नावांची महाग पेट्रोले दिसू लागली. त्यांतील काहींत ऑक्टेन अधिक होते. काहींत केवळ इंजिनातील मळ काढणारे द्रव्य होते आणि ऑक्टेन साध्या पेट्रोलइतकेच होते. ग्राहकाला दोन्हींतला फरक क्वचितच कोणी समजावून सांगे.

मोटारसायकलींचा विचार करता २०१० नंतर मात्र खरा बदल झाला. पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होणारी ३९० सीसीची केटीएम २०१३ साली रस्त्यावर आली. तिच्या इंजिनात दाबाचे प्रमाण साडेबाराच्या वर होते. यामाहाच्या दीडशे सीसीच्या वेगवान गाड्यांतही ते साडेअकराच्या घरात पोचले. अशा इंजिनांना उच्च ऑक्टेनचा उपयोग संभवतो. विशेषतः जूनमध्ये, पारा ४५ अंशांवर असताना, मागे माणूस बसवून उड्डाणपुलाचा चढ चढताना. तरीही एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. महागड्या मोटारींत ठोका ऐकणारे एक यंत्र असते. चांगले पेट्रोल मिळाले की ते ठिणगीची वेळ पुढे ओढते आणि वाढलेल्या ऑक्टेनचा फायदा उपटते. बहुतेक लहान मोटारसायकलींत हे कान नसतात. ठिणगीची वेळ कारखान्यात एकदा ठरविलेली असते, आणि पेट्रोल कितीही भारी घातले तरी ती बदलत नाही.

आता हिशेब पाहावा. महिन्याला वीस लिटर पेट्रोल जाळणाऱ्या माणसाने २०२० च्या भावाने १०० ऑक्टेनचे पेट्रोल घेतले असते, तर त्याला सुमारे १५६० रुपये जादा मोजावे लागले असते. नऊ-दहा दाबाच्या गाडीत त्या रकमेबदल्यात त्याच्या पदरी काही पडले नसते. गाडी ठोका देत असेल, तर त्याच पैशांत करोलबागेतल्या एखाद्या कारागिराकडून सिलिंडरातला कार्बन खरवडून आणि ठिणगीची वेळ तपासून घेणे अधिक शहाणपणाचे ठरले असते. पुष्कळदा ठोक्याचे मूळ पेट्रोलात नसते, इंजिनाच्या आजारपणात असते.

या कथेला अलीकडे एक अनपेक्षित वळण मिळाले. मिजलीने जो बाजूला सारला तो मद्यार्क परत आला. भारतात पेट्रोलात मद्यार्क मिसळण्याचा कायदा तसा १९४८ सालचाच. पण तो बराच काळ कागदावर राहिला आणि २००० साली रद्दही झाला. २००१ साली महाराष्ट्रात मिरज आणि मनमाड येथे नव्याने प्रयोग झाले. कोल्हापूर-सांगलीच्या उसाच्या मळीला त्यातून नवे गिऱ्हाईक मिळाले. २०२३ च्या फेब्रुवारीत वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल विक्रीस आले आणि २०२५ पर्यंत ते देशभर रूढ झाले. इथेनॉलचे ऑक्टेन शंभराहून अधिक असल्याने साधे पेट्रोलच आता ९५ च्या घरात गेले, असे पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये सांगितले. ज्या ९५ साठी पूर्वी वेगळे पैसे मोजावे लागत, ते आता साध्या नळीतून येऊ लागले.

मात्र इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेच जुन्या धाटणीच्या दुचाकींचे मायलेज वीस टक्के मिश्रणावर तीन ते चार टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. म्हणजे ऑक्टेन वाढले आणि अंतर घटले. ऑक्टेन म्हणजे शक्ती नव्हे, याचा पुरावा दिल्लीच्या प्रत्येक दुचाकीस्वाराच्या टाकीत आपोआप येऊन पडला. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना आणि वॉशरांना इथेनॉल सोसत नाही, ही चिंता वेगळीच. ती इतकी वाढली, की २०२५ साली काही जुन्या बुलेटींचे आणि राजदूतांचे मालक १०० ऑक्टेनच्या पंपाकडे वळले. त्या पेट्रोलात इथेनॉल नसते असे त्यांनी ऐकले होते. साडेसहा दाबाच्या इंजिनाला शंभराचा आकडा कधीच लागणार नव्हता, आणि तो त्यांना नकोही होता.