प्लेग आणणारा म्हातारा साहेब

तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्यासाठी आम्ही टोकनचं ॲप करत होतो. मी डिझाइन सल्लागार. तीन आठवडे पुण्यात बसून स्क्रीन आखल्या, रंग ठरवले, बटणं मोठी केली. मग एकदाचा सकाळी साडेसातला तिथं पोचलो. ओपीडीच्या दाराशी रांग होती, पण माणसांची नव्हे, चपलांची. माणसं समोरच्या लिंबाखाली बसली होती. एका आजींना विचारलं, तर म्हणाल्या, "गुडघं दुखत्यात बाबा. आपण बसायचं, चप्पल ऱ्हाते की उभी."

कुठली चप्पल कुणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं. तापानं फणफणलेलं पोर आलं की त्याच्या आईची चप्पल कुणीतरी न बोलता पुढं सरकवत होतं. आमच्या ॲपमध्ये यातलं काहीच नव्हतं. आजींचा फोन तर मुलाकडं होता आणि मुलगा चाकणला.

परतीच्या एसटीत मला पॅट्रिक गेडिस आठवत राहिला.

गेडिस स्कॉटलंडचा, जन्म १८५४चा. शिक्षणानं जीवशास्त्रज्ञ. १८७९ साली मेक्सिकोत असताना त्याची दृष्टी अधू झाली आणि कित्येक आठवडे त्याला अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. सूक्ष्मदर्शकावर जगणाऱ्या माणसाला याहून मोठी शिक्षा कोणती? त्या अंधारात बोटांनी चौकटी चाचपत तो विचार मांडायला शिकला. पुढं आयुष्यभर कागदाला घड्या घालून, प्रत्येक चौकोनात एकेक कल्पना लिहून तो त्यांची नाती शोधत राहिला. या कागदांना तो विचारयंत्रं म्हणायचा. आज कुठल्याही सल्लागाराच्या सादरीकरणात चार चौकोनांची आकृती असतेच. फरक इतकाच, की गेडिस चौकोन आखून थांबत नसे. लग्नानंतर तो आणि ॲना एडिंबरातल्या जुन्या, गलिच्छ वस्तीत राहायला गेले आणि शेजाऱ्यांना सोबत घेऊन भिंतींना चुना लावू लागले.

१९१४ साली मद्रासच्या गव्हर्नरच्या निमंत्रणावरून तो भारतात आला. नकाशे आणि चित्रं असलेलं त्याचं नगररचनेचं प्रदर्शन वेगळ्या जहाजानं येत होतं. महायुद्ध सुरू झालेलं होतं. ऑक्टोबरमध्ये 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेनं ते जहाज बुडवलं. ज्याच्या जोरावर सल्ला द्यायचा, ते सगळं समुद्राच्या तळाशी गेलं. युरोपातल्या मित्रांनी नवं साहित्य पाठवलं आणि १९१५मध्ये मद्रासला प्रदर्शन झालंही. पण गेडिसचं भारतातलं खरं काम प्रदर्शनाच्या दालनात झालं नाही. ते झालं गल्लीबोळांत, पायी.

तेव्हाची नगरसुधारणेची पद्धत सोपी होती. दाट वस्ती म्हणजे रोगराई. म्हणून नकाशावर पट्टी ठेवायची, सरळ रेघ मारायची आणि रेघेखाली येतील ती घरं पाडायची. १८९६ साली मुंबईत प्लेग आल्यावर सुधारणेसाठी खास ट्रस्ट निघाला, त्यानंही जुन्या वस्त्यांतून असेच रुंद रस्ते काढले. घर गेलेली माणसं शेजारच्या वस्तीत शिरत आणि तिथली गर्दी वाढे. कागदावर मात्र शहर सुधारलेलं दिसे.

भोसल्यांच्या तंजावरातही असाच सरळ रस्त्यांचा आराखडा तयार होता. गेडिस त्या भागातून घर न् घर बघत फिरला. कुठलं घर खरोखर मोडकळीला आलंय, कुठं मोकळी जागा पडून आहे, कुठल्या झाडाखाली बायका बसतात, हे त्यानं पाहिलं. मग म्हणाला, आहेत तेच बोळ थोडे रुंद करा, पडकी घरं तेवढी काढा, मोकळ्या जागी झाडं लावा. त्याच्या हिशेबानं खर्च मूळ आराखड्याच्या साधारण सहाव्या हिश्शावर आला. या रीतीला तो जपून केलेली शस्त्रक्रिया म्हणे. निदान आधी, उपचार नंतर.

ही दृष्टी त्याला सहज मिळाली नव्हती. इंदूरची गोष्ट तेच सांगते. होळकरांच्या दरबारानं त्याला शहराचा आराखडा करायला बोलावलं होतं. शहरात प्लेग होता. रस्त्यानं जाताना लोक आपल्याकडं बोट दाखवून काहीतरी कुजबुजतात, हे त्याच्या लक्षात आलं. सोबतच्या अधिकाऱ्याला विचारलं, तर कळलं, लोक म्हणतायत की प्लेग आणणारा म्हातारा साहेब तो हाच! नगररचनाकार आला की घरं पडतात, हे लोकांना अनुभवानं माहीत होतं. त्यांचं निदान अगदीच चुकीचं नव्हतं.

गेडिसनं महाराजांकडं एक दिवसाची सत्ता मागितली आणि दिवाळीच्या मिरवणुकीचा घाट घातला. मार्ग कोणता? ज्या रस्त्यावरची सर्वांत जास्त घरं झाडून-सावरून दुरुस्त होतील, तो. गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ लागली. कचरा फुकट उचलला गेला, गाड्याच्या गाड्या बाहेर पडल्या. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता, दोघांचं शेवटी दहन झालं. त्यांच्या पाठोपाठ शुभ्र कपड्यांत, गळ्यात हार घालून सफाई कामगार चालले होते. मग शहराचा नवा आराखडा आणि घरांच्या प्रतिकृती. शेवटी लोकांना तुळशीची रोपं वाटली.

ही हकीकत गेडिसच्याच तोंडून पुढं आलेली आहे, तेव्हा तिला थोडा गोष्टीचा रंग असणार. प्लेगचा हंगामही तेव्हा सरत आला असेल. आणि मला आणखी एक गोष्ट टोचते. ज्यांच्या गळ्यात हार पडले, त्यांच्या हाती दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच झाडू आला. एका दिवसाच्या सन्मानानं जात हलत नाही. इंदूर स्वच्छतेत देशात अनेकदा पहिलं आलं आहे, त्याचंही श्रेय त्याला द्यायचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा. त्यानं भारतातल्या शहरांवर डझनावारी अहवाल लिहिले आणि त्यातल्या पुष्कळ सूचना कागदावरच राहिल्या. मधल्या काळात, १९१७मध्ये, त्याचा मुलगा युद्धात मारला गेला आणि ॲनाही भारतातच वारली.

१९१९ साली तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. त्यानंच निवडलेले मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये शिकायला इंग्लंडला गेले आणि परतल्यावर १९२४मध्ये त्यांनी तो विभाग सांभाळला.

आमच्या धंद्यात 'फ्रेश पर्स्पेक्टिव्ह' नावाची वस्तू विकली जाते. बाहेरच्या माणसाला ताजं दिसतं, असा समज आहे. इंदुरात गेडिसही बाहेरचाच होता. तो वेगळा ठरला, कारण लोक आपल्याला काय म्हणतात हे त्यानं विचारलं आणि उत्तर ऐकून रागावला नाही. मी तीन आठवड्यांत एकालाही विचारलं नव्हतं, की आमचं हे ॲप आलं तर तुमचं काय जाईल?

दुसऱ्या भेटीत विचारलं. आता दाराशी आकडे घातलेले लाकडी बिल्ले टांगलेले असतात, फोन असणाऱ्याला घरबसल्या नंबर कळतो आणि आजारी पोराला पुढं घ्यायचं बटण खिडकीतल्या सिस्टरच्या हाती आहे. आजींना बिल्ला दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, कनवटीला लावला आणि चप्पलही रांगेत ठेवली.