काटा खाली आला

शुक्रवार, संध्याकाळी ६. कोथरूडमधलं वॉशिंग सेंटर. हेड गॅस्केट उडायला अजून सोळा तास आहेत. उद्या सकाळी महाबळेश्वरला निघायचं, म्हणून गाडी चकाचक हवी. पोऱ्याने पुढच्या जाळीवर प्रेशरचा फवारा अगदी जवळून मारला. वरवरची धूळ गेली. रेडिएटरच्या पातळ पत्र्या मात्र जागोजागी दुमडल्या, आणि एसीचा कंडेन्सर व रेडिएटर यांच्यामधल्या फटीतला चिखल, मेलेले पतंग, सावरीचा कापूस आणखी आत दडपला गेला. इंजिनाच्या बाजूने बागेच्या नळीचं हलकं पाणी सोडलं असतं, तर हाच कचरा आल्या वाटेने बाहेर पडला असता.

शनिवार, पहाटे ५.३०. कूलंटची पातळी खाली. मालकांनी बाटलीत बोअरचं पाणी ओतलं. गेले दोन उन्हाळे हेच चालू आहे. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर असं मिश्रण झाकणाच्या दाबाखाली सव्वाशे अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. इथे आता जवळपास नुसतं पाणीच होतं, आणि रेडिएटरच्या नळ्यांना आतून गीझरच्या कॉइलसारखा क्षार धरलेला.

७.१५. खेड-शिवापूरचा टोलनाका, लांबलचक रांग.

“अहो, एसी गार लागत नाहीये.”

“अगं, गाडी थांबलीय ना. वारा लागला की होईल गार.”

झालाही. इथेच तर ग्यानबाची मेख आहे. कंडेन्सर तुंबला की उभ्या गाडीत आधी एसी मान टाकतो, आणि रस्ता मोकळा झाला की समोरचा वारा सगळं झाकून टाकतो.

८.३०. सातारा रस्ता. काटा मधोमध. गॅरेजमध्ये मालक याच तासाचा दाखला देणार आहेत: “हायवेला एकदम ओके होती हो.”

९.५०. वाई सोडून पसरणी घाट. पाच माणसं, टपावर बॅगा, एसी चालू, दुसरा गिअर. इंजिन कण्हतंय, वेग मात्र ताशी पंचवीस. समोरून वारा नाहीच. सगळी भिस्त पंख्यावर, आणि त्याला हवा ओढायला वाट नाही.

१०.०४. काटा वर सरकला. मागून आप्पा म्हणाले, “अरे, घे जरा कडेला.”

“इथे वळणावर कुठे घेऊ आप्पा? वर गेलं की थांबू.”

एसी बंद करून हीटर पूर्ण सोडला असता, तरी थोडी उसंत मिळाली असती. केबिनचा हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. पण मे महिन्यात हे कुणाला सुचणार?

१०.०९. काटा लालमध्ये. झाकणाने दाब सोडला, बाटली उसळून वाहू लागली.

१०.१२. काटा खाली आला. “बघा, उतरला!”

या सगळ्या घटनाक्रमात माझ्या मते सर्वांत घातक मिनिट हेच. सेन्सरला पाण्याचा स्पर्श हवा. त्याच्याभोवती पाणीच उरलं नव्हतं, म्हणून काटा पडला. पुढची सहा मिनिटं इंजिन जवळपास कोरडं चाललं. ॲल्युमिनियमचं हेड तापलं की खालच्या बिडाच्या ब्लॉकपेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. बोल्टांनी जखडलेलं असल्यामुळे ते सरकू शकत नाही, वाकतं.

१०.१८. ओढ गेली. पांढरा धूर. गाडी बंद.

मालक फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे निघाले. “खबरदार हात लावशील तर!” आप्पांनी मनगटच धरलं. दिवसभरात योग्य ठरलेला निर्णय तेवढा हा एक. दाब एकदम सुटला असता, तर उकळतं पाणी थेट तोंडावर आलं असतं.

दुपारी १.३०. टो करून आणलेली गाडी, वाईचं गॅरेज. इंजिन निवल्यावर मिस्त्रीने रेडिएटरमध्ये पाणी भरलं आणि झाकण न लावता स्टार्टर मारायला लावला. तोंडातून बुडबुडे फुटत पाणी बाहेर उसळलं. सिलिंडरमधली हवा पाण्याच्या वाटेत शिरत होती.

“गॅस्केट उडालीय. हेड लेथवर फेसिंगला जाणार. क्रॅक नसली म्हणजे मिळवली.”

मग त्याने रेडिएटर सोडवला आणि उन्हाकडे धरला. भर दुपारी पलीकडचं काही दिसेना.

“चार दिवस धरून चाला, साहेब,” तो म्हणाला. “आणि कूलंटचा कॅन घेऊन या, आता बोअरचं पाणी मी घालणार नाही.”