धारूर परिसरातील सीताफळ लागवड

धारूर (किल्ले धारूर) हे महाराष्ट्राच्या बीड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण बालाघाट डोंगररांगेत वसले असून हा परिसर सीताफळासाठी प्रसिद्ध आहे. येथील बरीचशी झाडे डोंगरउतारांवर, बांधांवर व पडीक जमिनीत बियांपासून आपोआप उगवलेली आहेत. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नियोजनबद्ध बागेसाठी मात्र योग्य वाणाची निवड आणि कलमी रोपांची लागवड महत्त्वाची ठरते.

वनस्पती व अधिवास

सीताफळाचे शास्त्रीय नाव ॲनोना स्क्वॅमोसा असून ते ॲनोनेसी कुलातील आहे. हे झाड मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतील आहे. हलकी, मुरमाड, निचऱ्याची जमीन आणि कोरडे हवामान त्याला मानवते. पाणी साचणारी भारी जमीन मानवत नाही. उन्हाळ्यापूर्वी पाने गळून झाड विश्रांती घेते, त्यामुळे ते पाण्याचा ताण सहन करते. पाने कडवट व उग्र वासाची असल्याने शेळ्या व गुरे ती सहसा खात नाहीत. त्यामुळे उघड्या माळरानावरही झाड टिकून राहते.

वाणांची निवड

बियांपासून वाढलेल्या प्रत्येक झाडाच्या फळाचा आकार, गर, गोडी व बियांची संख्या वेगवेगळी असू शकते. व्यापारी लागवडीत पुढील वाण प्रचलित आहेत.

धारूर-६ : परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या अंबाजोगाई येथील सीताफळ संशोधन केंद्राने निवड पद्धतीने विकसित केलेला वाण. फळे मोठी व गरदार असतात.

बाळानगर : तेलंगणातील बालानगर येथून प्रसार पावलेला जुना वाण. फळ आकर्षक व गोड असते, परंतु बियांचे प्रमाण अधिक असते.

अर्का सहान : बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा संकरित वाण. फळे मोठी, अतिशय गोड व कमी बियांची असतात. चांगल्या फळधारणेसाठी हाताने परागीकरण करावे लागते.

एनएमके-१ (गोल्डन) : बार्शी तालुक्यातील गोरमाळे येथील नवनाथ कसपटे यांनी निवडलेला वाण. फळ उशिरा तयार होते व तुलनेने अधिक टिकते, म्हणून दूरच्या बाजारपेठेसाठी त्याला मागणी असते.

निवड करताना पाण्याची उपलब्धता, बाजाराचे अंतर व मजुरांची सोय यांचा विचार करावा लागतो. साधे सीताफळ काढणीनंतर दोन ते चार दिवसांत पिकून मऊ पडते. त्यामुळे फळ थोडे अधिक टिकले तरी विक्रीच्या दृष्टीने मोठा फरक पडतो. कलमी झाडाला साधारणपणे तिसऱ्या वर्षापासून फळे येऊ लागतात. रोप चुकीच्या वाणाचे निघाल्यास ते तेव्हाच कळते आणि मधली वर्षे वाया जातात. म्हणून कृषी विद्यापीठाच्या किंवा परवानाधारक रोपवाटिकेतून रोपे घेणे हिताचे असते.

लागवड

स्थानिक सीताफळाच्या रोपांचा खुंट म्हणून वापर करून त्यावर मृदुकाष्ठ कलम किंवा डोळा भरला जातो. उन्हाळ्यात ६० सेंमी लांबी, रुंदी व खोलीचे खड्डे खोदून तापू देतात. नंतर ते शेणखत व पोयट्याच्या मातीने भरतात. लागवड जून ते ऑगस्ट या पावसाळी काळात होते. दोन झाडांत व दोन ओळींत ५ मीटर अंतर ठेवल्यास हेक्टरी ४०० झाडे बसतात. कलमाचा जोड मातीच्या वर ठेवतात आणि खुंटावर येणारी फूट वेळोवेळी काढून टाकतात. अन्यथा खुंट वाढतो व निवडलेला वाण मरतो.

परागीकरण व काढणी

सीताफळाच्या फुलात मादी अवस्था आधी व नर अवस्था नंतर येते. त्यामुळे स्वपरागीकरण कमी होते. लहान भुंगेरे परागवहन करतात. उष्ण व कोरड्या हवेत फळधारणा घटते. फळांवरील डोळे उघडून त्यांमधील खाचा पिवळसर-पांढऱ्या दिसू लागल्या की फळे काढणीस तयार होतात. बालाघाटातील मुख्य हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर असतो. पिठ्या ढेकूण ही या पिकाची प्रमुख कीड आहे. बियांची पूड डोळ्यांना अपायकारक असते.

स्थानिक झाडांचे महत्त्व

कलमांमुळे बागेतील फळे एकसारखी होतात, तर डोंगरातील बियांच्या झाडांत विविधता टिकते. नवे वाण याच विविधतेतून निवडले जातात. त्यामुळे कलमी बागा वाढवताना बालाघाटातील जुनी, चांगली फळे देणारी झाडे राखणे भावी संशोधनासाठीही आवश्यक आहे.