बोनादुत्स : एका आल्प्सवासी गावाचे भाषिक स्थित्यंतर

बोनादुत्स हे स्वित्झर्लंडच्या आग्नेय भागातील ग्राउब्यूंडेन कँटनमधील एक गाव. रोमान्श भाषेत यास ‘पानादुत्स’ म्हणतात. फोर्डरऱ्हाईन व हिंटरऱ्हाईन हे ऱ्हाईन नदीचे दोन शीर्षप्रवाह राइखेनाउ येथे एकत्र येतात. त्या संगमाच्या नैर्ऋत्येस, दोन्ही प्रवाहांमधील सपाट भूभागावर, सस. पासून सु. ६५५ मी. उंचीवर ते वसले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत येथील शेतकरी कुटुंबे रोमान्श बोलत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गाव जवळजवळ पूर्णपणे जर्मनभाषी झाले. हा बदल न कोणत्या कायद्याने घडला, न कोणत्या विजेत्याने घडविला. गावातील कुटुंबांनी दोन-तीन पिढ्यांत तो स्वतःच घडवून आणला, आणि म्हणूनच भाषेतिहासात या लहानशा गावाला महत्त्व आहे.

रोमनांनी इ. स. पू. १५ मध्ये रीशियाचा प्रदेश जिंकल्यानंतर तेथे रुजलेल्या लोकलॅटिनपासून रोमान्श भाषा निर्माण झाली. मध्ययुगात उत्तरेकडून जर्मन भाषेचा रेटा सुरू झाला. तेरा-चौदाव्या शतकांत वाल्सर लोकांनी उंचावरील दऱ्यांत वसाहती केल्या. १४६४ मध्ये कूर या मुख्य नगराला मोठी आग लागली. पुनर्बांधणीसाठी आलेल्या जर्मनभाषी कारागिरांमुळे ते जर्मन झाले आणि रोमान्श भाषकांना स्वतःचे असे मोठे नगर उरले नाही. बोनादुत्सच्या पूर्वेस हे कूर, पश्चिमेस फेरसामकडील वाल्सर वस्त्या आणि दक्षिणेस तूझिस ही जर्मनभाषी पेठ, अशी गावाची स्थिती होती. पश्चिमेकडील सुरसेल्वा आणि दक्षिणेकडील सुतसेल्वा हे दोन रोमान्श प्रदेश जेथे एकमेकांस मिळतात त्या सांध्यावर ते होते. सांधा निखळला तेव्हा त्याचा परिणाम एका गावापुरता राहिला नाही.

१८०३ मध्ये ग्राउब्यूंडेन स्विस संघराज्यात सामील झाले. पुढे श्प्ल्यूगेन व सान बेर्नार्दिनो या खिंडींवरून गाडीरस्ते झाले आणि वाहतूक, व्यापार, नोकऱ्या या सर्वांची भाषा जर्मन ठरली. १८९६ मध्ये कूर-तूझिस लोहमार्ग बोनादुत्सवरून गेला. मात्र लोहमार्गाला सर्व दोष देणे योग्य नव्हे. गाडी आली तेव्हा स्थित्यंतर बरेच पुढे गेले होते. १९०८ च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला. कूरच्या उदाहरणामुळे या आगीचाही भाषेशी संबंध जोडण्याचा मोह होतो, परंतु येथे आगीने फार तर आधीच सुरू असलेल्या गोष्टीला वेग दिला असेल.

खरा निर्णय शाळेत आणि स्वयंपाकघरात झाला. शाळेची भाषा ठरविण्याचा अधिकार ग्राउब्यूंडेनमध्ये ग्रामसंस्थांकडे होता, आणि अनेक गावांतील पालकांनी तो जर्मनच्या बाजूने वापरला. रोमान्शवर प्रेम नव्हते असे नाही. परंतु जर्मन न येणाऱ्या मुलास गावाबाहेर मजुरीखेरीज काही मिळणार नाही, हा त्यांचा हिशेब व्यवहारतः चुकीचा नव्हता. आईबाप आपापसांत रोमान्श बोलत, मुलांशी मात्र जर्मन. अशा घरातील मुलाला भाषा समजे, पण बोलता येत नसे. त्याच्या मुलाला ती समजण्याचेही कारण उरत नसे.

रोमान्शला लिखित आधारही अपुरा होता. ऱ्हाईनच्या खोऱ्यातील रोमान्शमधले पहिले छापील पुस्तक, डॅनियल बोनिफाची याची धर्मप्रश्नोत्तरी, १६०१ साली सुतसिल्वान रूपातच निघाले. पुढे मात्र सुरसिल्वान ही बोली ग्रंथांत वरचढ झाली. बोनादुत्स हे कॅथलिक गाव. तेथील बोली दोहोंच्या सीमेवरची असल्याने पुस्तकातील रोमान्शही गावकऱ्यांना पुरती आपली वाटत नसे. सुतसिल्वानसाठी स्वतंत्र लेखनपद्धती सिद्ध झाली ती १९४४ मध्ये. कालाब्रियातील अल्बेनियनभाषी समाजात जन्मलेल्या जुझेप्पे गांगाले या विद्वानाने त्या सुमारास सुतसेल्वात रोमान्श बालवाड्यांची चळवळ चालविली; परंतु बोनादुत्सपुरता तोवर फार उशीर झाला होता.

पीडर काविजेल्ली यांनी १९६९ मध्ये बोनादुत्सच्या जर्मनीकरणावर ऐतिहासिक व भाषिक अशा दोन्ही अंगांनी ग्रंथ लिहिला. भाषा मरताना आतूनही बदलत असते, हे अशा अभ्यासांतून दिसते. अर्थात उसनवारी म्हणजे ऱ्हास नव्हे. ‘वन’ या अर्थाचा ‘उआउल’ (जर्मन ‘वाल्ड’) किंवा ‘मुलगा’ या अर्थाचा ‘बुओब’ हे जर्मन मुळाचे शब्द सुरसेल्वाच्या जोमदार रोमान्शमध्येही सुखाने नांदतात. फरक पडतो तो उसने शब्द घेणारे बोलणारेच उरत नाहीत तेव्हा.

लगतच्या डोमात (एम्स) या कॅथलिक गावात रोमान्श अधिक काळ टिकली. १९४१ नंतर तेथे कारखानदारी वाढली आणि तेही जर्मनकडे वळले. संपूर्ण कँटनमध्ये रोमान्श भाषकांचे प्रमाण १८८० मध्ये सु. ४० टक्के होते, ते २००० मध्ये सु. १४·५ टक्क्यांवर आले. याच काळात भाषेचा मान मात्र वाढत गेला: १९१९ मध्ये ‘लिआ रुमांच’ ही संस्था स्थापन झाली, १९३८ मध्ये सार्वमताने रोमान्शला राष्ट्रभाषेचा दर्जा मिळाला आणि १९८२ मध्ये ‘रुमांच ग्रिशुन’ हे प्रमाण लिखित रूप सिद्ध झाले. २००८ पासून लागू झालेल्या कँटनच्या भाषा-कायद्यानुसार ज्या गावात किमान ४० टक्के लोक रोमान्श भाषक आहेत ते रोमान्श गाव, आणि २० ते ४० टक्के असल्यास बहुभाषी गाव गणले जाते. बोनादुत्स या दोन्हींत बसत नाही. तेथील कारभाराची भाषा जर्मन आहे. शिवारातील अनेक नावे मात्र रोमान्श आहेत.