पुसलेली माणसे : स्लोव्हेनिया, २६ फेब्रुवारी १९९२

१/
देश फुटतो तेव्हा इतिहासात सीमारेषा, लढाया आणि नवे ध्वज यांची नोंद होते. आजचा धागा एका नोंदवहीविषयी आहे. युगोस्लाव्हियाच्या संघराज्यातून बाहेर पडलेल्या स्लोव्हेनियाने २६ फेब्रुवारी १९९२ रोजी आपल्या कायम रहिवाशांच्या नोंदवहीतून हजारो नावे काढून टाकली. ज्यांची नावे गेली त्यांना साधे पत्रही पाठवले गेले नाही.

२/
स्लोव्हेनियन भाषेत या लोकांना ‘इझब्रिसानी’ म्हणतात, म्हणजे ‘पुसलेले’. सरकारने आधी त्यांची संख्या १८,३०५ सांगितली. २००९ मध्ये गृहखात्याने मोजदाद केली तेव्हा आकडा २५,६७१ निघाला. जेमतेम २० लाख लोकवस्तीच्या देशात हे प्रमाण सुमारे १.३ टक्के होते.

३/
पुसले गेल्याचे त्यांना कळले ते कचेरीच्या खिडकीशी. कोणी वाहन परवान्याच्या नूतनीकरणासाठी गेला, कोणी पारपत्रासाठी, कोणाला सीमेवर अडवले गेले. कर्मचारी जुनी ओळखपत्रे मागून घेत, यंत्राने त्यांना भोक पाडत आणि परत देत. काल जो तिथला रहिवासी होता, तो त्या भोकानिशी बेकायदा परदेशी ठरे.

४/
हे कसे घडले ते समजण्यासाठी युगोस्लाव्हियाची रचना पाहावी लागते. संघराज्यात सहा प्रजासत्ताके होती : स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया-हर्जेगोविना, सर्बिया, माँटेनेग्रो आणि मॅसेडोनिया. प्रत्येक माणूस संघराज्याचा नागरिक असे आणि त्याखेरीज एका प्रजासत्ताकाचाही. हे दुसरे नागरिकत्व प्रायः आईवडिलांकडून येई, आणि रोजच्या व्यवहारात त्याला काडीचेही महत्त्व नव्हते. नोकरी, घर, दवाखाना या साऱ्यांसाठी लागे ती कायम वास्तव्याची नोंद.

५/
बोस्निया, सर्बिया, कोसोव्होकडचे लोक कामासाठी स्लोव्हेनियात येत : येसेनित्सेच्या पोलाद कारखान्यात, वेलेन्येच्या कोळसा खाणीत, मारिबोरच्या उद्योगांत. त्यांची मुले तिथेच जन्मली, तिथल्याच शाळांत शिकली. प्रजासत्ताकाच्या रकान्यात मात्र वडिलांचे प्रजासत्ताक राहिले. तो रकाना बदलून घ्यावा असे कोणाला वाटण्याचे कारणही नव्हते, कारण देश एकच होता.

६/
२३ डिसेंबर १९९० रोजी स्लोव्हेनियात स्वातंत्र्यासाठी सार्वमत झाले. इतर प्रजासत्ताकांतून आलेल्या कायम रहिवाशांनाही त्यात मताधिकार होता. त्याआधी, ६ डिसेंबरला, तिथल्या विधिमंडळाने एक सदिच्छापत्र संमत केले होते. इथे कायम राहणाऱ्या प्रत्येकाला इच्छा असल्यास नागरिकत्व मिळेल, असे वचन त्यात होते. एकूण मतदारांपैकी सुमारे ८८ टक्क्यांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. पुढे ज्यांची नावे पुसली गेली, त्यांनाही त्या दिवशी या राज्याच्या जन्मावर मत देण्याचा हक्क होता.

७/
२५ जून १९९१ रोजी स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि त्याबरोबर दोन कायदे आले. नागरिकत्व कायद्याच्या कलम ४० ने इतर प्रजासत्ताकांच्या नागरिकांना अर्जासाठी सहा महिने दिले. सार्वमताच्या दिवशी कायम वास्तव्य नोंदलेले असावे आणि माणूस प्रत्यक्ष तिथे राहत असावा, एवढ्याच मुख्य अटी होत्या. भाषेची परीक्षा नव्हती. या तरतुदीखाली १,७१,००० हून अधिक लोकांना नागरिकत्व मिळाले. नव्या राष्ट्राच्या मानाने हे औदार्यच होते आणि ते मान्य केले पाहिजे.

८/
दुसरा कायदा परकीयांविषयीचा. त्याचे कलम ८१ सांगत होते की ज्यांनी मुदतीत अर्ज केला नाही, त्यांना मुदत संपल्यानंतर दोन महिन्यांनी परकीयांचे नियम लागू होतील. ज्यांचे अर्ज फेटाळले गेले त्यांनाही अंतिम निर्णयानंतर दोन महिन्यांनी हेच. या लोकांच्या आधीच्या कायम वास्तव्याचे काय होणार, हे कुठेच लिहिलेले नव्हते. ते वास्तव्य टिकवणारी दुरुस्ती सुचवली गेली होती; ती कायद्यात आली नाही. तेवढी एक ओळ आली असती, तर आजचा हा धागा लिहावाच लागला नसता.

९/
आता ते सहा महिने कोणते होते ते पाहा. जूनअखेर दहा दिवसांचे युद्ध झाले. ७ जुलैच्या ब्रिओनी करारान्वये स्वातंत्र्याची अंमलबजावणी तीन महिने स्थगित झाली. शेजारच्या क्रोएशियात शरद ऋतूत व्हुकोव्हार उद्ध्वस्त झाले. अर्जाची मुदत २५ डिसेंबर १९९१ ला संपली आणि युरोपीय समुदायाने स्लोव्हेनियाला मान्यता दिली १५ जानेवारी १९९२ ला. ज्या राज्याला जगाने अजून पुरते ओळखले नव्हते, त्याच्याशी आयुष्य बांधायचे की नाही हे सामान्य माणसाला आधीच ठरवायचे होते.

१०/
कायदेपंडितांनाही उत्तर सापडलेले नव्हते. युगोस्लाव्हियाच्या प्रश्नावर युरोपीय समुदायाने नेमलेल्या बादँतेर आयोगाने नोव्हेंबर १९९१ मध्ये म्हटले की संघराज्य ‘विघटनाच्या प्रक्रियेत’ आहे. ती प्रक्रिया पूर्ण झाली, असे आयोगाने म्हटले ते जुलै १९९२ मध्ये. म्हणजे नोंदवहीतील नावे गेली तेव्हा जुना देश संपला आहे की नाही, यावर आयोगाचा अंतिम शब्द यायचा होता.

११/
मग लोकांनी अर्ज का केले नाहीत? कारणे अनेक. ‘मी इथेच जन्मलो, मला अर्ज कशाला?’ असे काहींना प्रामाणिकपणे वाटले. काहींचे दाखले जन्मगावी होते आणि तिकडे युद्ध पेटले होते. कोपरमध्ये पादत्राणे शिवणाऱ्या एका गृहस्थांचे म्हणणे होते की ते त्या काळात काही महिने रुग्णालयात होते. काहींनी अर्ज केले. पण डिसेंबर १९९१ मध्ये राज्याच्या सुरक्षिततेचे कारण देऊन अर्ज नाकारण्याची तरतूद आली आणि ते फेटाळले गेले. युगोस्लाव्ह सैन्यातील लोक यात विशेषकरून अडकले.

१२/
आणि काहींना हे नागरिकत्व खरोखरच नको होते. त्यांना आपल्याच घरात, आपल्याच नोकरीवर, परकीय म्हणून राहायचे होते. नागरिकत्व नाकारणे आणि घर सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जगभर लाखो माणसे एका देशाची नागरिक असून दुसऱ्या देशात कायदेशीरपणे आयुष्य काढतात. कलम ८१ ने या दोन गोष्टींची एकच गाठ मारली.

१३/
याहून विचित्र बाब पुढेच होती. त्याच कायद्याच्या कलम ८२ नुसार, स्लोव्हेनियात आधीपासून राहणाऱ्या खऱ्या परकीयांचे कायम वास्तव्याचे परवाने चालू राहिले. एखादा इटालियन किंवा ऑस्ट्रियन गृहस्थ राजकीय उलथापालथीत आपल्या घरी निश्चिंत होता. त्याच्या शेजारचा, कदाचित त्याच गावात जन्मलेला बोस्नियन मात्र बेकायदा ठरला. जो पूर्वी परका होता त्याला संरक्षण, आणि जो पूर्वी देशबांधव होता त्याला काहीच नाही.

१४/
नोंद गेली की तिच्या आधारावर उभे असलेले सारे कोसळे : कामाचा परवाना, आरोग्य विमा, निवृत्तिवेतन. कोसोव्होत जन्मलेला आणि मारिबोरमध्ये काम केलेला एक माणूस १९९३ मध्ये जर्मनीतील नातेवाइकांकडून परतताना सीमेवर पकडला गेला. त्याला विमानाने अल्बेनियात, तिरानाला, हद्दपार केले. अल्बेनियाशी त्याचा काहीही संबंध नव्हता. तिथल्या पोलिसांनी त्याला परत पाठवले. दुसरा एकजण स्लोव्हेनियातल्याच कोपर बंदरात जन्मलेला. तो कोणत्याही देशाचा नागरिक नसलेला म्हणून इटलीत दिवस काढत होता.

१५/
दहा वर्षे याचा फारसा गवगवा झाला नाही. सूचनाच न मिळाल्यामुळे प्रत्येकाला वाटे की हे आपल्या एकट्याचेच दुर्दैव, कागदात काहीतरी चूक झाली असावी. २००२ मध्ये या लोकांनी संघटना उभारली. त्याआधी, ४ फेब्रुवारी १९९९ रोजी, स्लोव्हेनियाच्या घटना न्यायालयाने पहिला निकाल दिला होता : कायद्याने या लोकांच्या संक्रमणाची सोय केली नाही, हे घटनाविरोधी आहे. ३ एप्रिल २००३ च्या निकालाने आणखी पुढचे पाऊल टाकले. कायम वास्तव्य १९९२ च्या त्या दिवसापासून अखंड धरले पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले.

१६/
निकालाच्या अंमलबजावणीसाठी कायदा झाला, तर विरोधकांनी त्यावर सार्वमत मागितले. ४ एप्रिल २००४ रोजी मतदान झाले. सुमारे ३१ टक्के मतदार आले आणि त्यांतील जवळजवळ ९५ टक्क्यांनी कायदा नाकारला. ‘हे लोक स्वातंत्र्याचे शत्रू होते, वाऱ्याची दिशा पाहत बसले होते’ असा प्रचार होता. काही सैनिकांच्या नावावर कामगार, गृहिणी आणि लहान मुले यांचाही हिशेब चुकता केला गेला. या मतदानानंतर चारच आठवड्यांनी, १ मे २००४ रोजी, स्लोव्हेनिया युरोपीय संघात सामील झाला.

१७/
अखेर प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. २६ जून २०१२ रोजी न्यायालयाच्या महापीठाने ‘कुरिच आणि इतर विरुद्ध स्लोव्हेनिया’ या खटल्यात निकाल दिला. खाजगी व कौटुंबिक जीवनाचा हक्क, परिणामकारक दाद मागण्याचा हक्क आणि भेदभावापासून संरक्षण, या तिन्हींचा भंग झाला होता. मूळच्या परकीयांपेक्षा यांना वाईट वागणूक मिळाली, हाच भेदभावाचा मुद्दा होता. सहा अर्जदारांना मनस्तापापोटी प्रत्येकी २०,००० युरो देण्याचा आणि इतरांसाठी वर्षभरात भरपाईची योजना आखण्याचा आदेश झाला.

१८/
योजना २०१४ मध्ये सुरू झाली : पुसलेल्या अवस्थेतील प्रत्येक महिन्याला ५० युरो. वीस वर्षे हक्काविना काढलेल्या माणसाच्या वाट्याला यातून १२,००० युरो येतात. ज्यांच्यापर्यंत ही योजना पोहोचणे अवघड होते, अशांची संख्या मोठी होती. २००९ च्या मोजणीत २५,६७१ पैकी १३,४२६ जणांना कोणताही दर्जा मिळालेला नव्हता आणि ते कुठे आहेत हेही सरकारला माहीत नव्हते. फेब्रुवारी २०२२ मध्ये, घटनेला तीस वर्षे होत असताना, राष्ट्राध्यक्ष बोरुत पाहोर यांनी राज्याच्या वतीने माफी मागितली.

१९/
या साऱ्या प्रकरणाचे मूळ एका प्रश्नात आहे : जो माणूस काहीच बोलला नाही, त्याच्या मौनाचा अर्थ कायद्याने काय लावायचा? मौन हे संमतीचे लक्षण, असे आपण म्हणतो. स्लोव्हेनियाने मौन हे निघून जाण्याचे लक्षण मानले. हा प्रश्न आपल्याही परिसरात एकदा आला होता, उलट्या दिशेने : एका प्रदेशाने संघ सोडताना नव्हे, संघात येताना.

२०/
गोवा, दमण आणि दीव भारतात आल्यावर १९६२ मध्ये नागरिकत्वाचा आदेश निघाला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी ज्यांचा, ज्यांच्या आईवडिलांपैकी किंवा आजीआजोबांपैकी कोणाचा तिथे जन्म झाला, ते भारताचे नागरिक मानले गेले. ज्यांना जुनेच नागरिकत्व ठेवायचे होते, त्यांनी एका महिन्यात लेखी तसे कळवायचे. अर्थात गप्प राहिलेला माणूस आत राहिला. पण इथेही जो बोलला त्याचे घर सुरक्षित नव्हते. पोर्तुगीज नागरिकत्व निवडलेल्या एका धर्मगुरूंवर परवान्याविना राहिल्याबद्दल खटला झाला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. नागरिकत्व आणि वास्तव्य यांची तीच गाठ इथेही पडली.

२१/
ब्रिटनने युरोपीय संघ सोडला तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. तिथे राहणाऱ्या युरोपीय नागरिकांनी ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करायचे होते. त्यांत स्विंडनसारख्या शहरांत पोर्तुगीज पारपत्रावर राहणारे गोवेकरही होते. साठ लाखांहून अधिक अर्ज आले. मुदत चुकलेल्यांना सबळ कारण दाखवून उशिरा अर्ज करण्याची सोय होती. तरी पाच वर्षे पूर्ण न झालेल्यांना तात्पुरता दर्जा आणि पुढे दुसरा अर्ज, असा नियम होता. दुसरा अर्ज केला नाही म्हणून हक्क गमावणे बेकायदा आहे, असा निकाल लंडनच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये दिला.

२२/
संघ सोडण्याची चर्चा व्यापार, सीमा आणि सार्वभौमत्व यांच्याभोवती फिरते. पुढे कधी अशा कराराचा मसुदा वाचण्यात आला, तर एक कलम शोधून पाहावे : ज्याने अर्ज केला नाही, तो दुसऱ्या दिवशी सकाळी कोण असेल? आजारी, निरक्षर, म्हातारी, तुरुंगात असलेली, आपल्याला हे लागू नाही असे समजून निवांत राहिलेली सारी माणसे त्या एका कलमात असतात. स्लोव्हेनियात ते कलम कोरे राहिले. त्या कोऱ्या जागेचा हिशेब तो देश तीस वर्षे फेडत राहिला आणि ज्यांची नावे पुसली गेली त्यांतील कित्येकांच्या हयातीत तो पुरा झालाच नाही.

(धागा समाप्त.)